झोपेतली पगडी

पेशव्यांच्या फौजांबरोबर आपले पूर्वज माळव्यात आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर पगडी होती. आता पगडी उरली ती लग्नातल्या फोटोपुरती आणि विसर्जनाच्या मिरवणुकीपुरती. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या घरांतून डोक्याला काहीतरी बांधायची रीत पुन्हा सुरू झाली आहे. फक्त वेळ बदलली आहे. ही पगडी रात्री निजताना बांधतात. पुढे नाकावर सिलिकॉनची मऊ वाटी, मागे डोक्याभोवती तीन-चार पट्टे, वाटीला जोडलेली लांब नळी आणि उशाशी घूं घूं करणारी लहानशी पेटी. डॉक्टर त्या पेटीला ‘सीपॅप’ म्हणतात. नातवंडे ‘आजोबांची सोंड’ म्हणतात, आणि गणपतीच्या दिवसांत या नावाला कोणी हरकतही घेत नाही.

पेटीबद्दल वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत बरेच छापून येते. आम्हाला लिहायचे आहे ते पट्ट्यांबद्दल. पेटी कितीही हुशार असली तरी रात्री दोन वाजता, माणूस कुशीवर वळल्यावर, मास्क नाकावर राहतो की कानावर जातो हे ठरवणारा पट्टाच असतो. आम्ही पदविकेला यंत्रशास्त्र शिकलो आणि नोकरीत पंप, नळ आणि गळती यांच्यातच दिवस गेले, म्हणून असेल कदाचित, पण ज्या गोष्टीकडे कोणी पाहत नाही त्या सांध्याकडे आमचे लक्ष आधी जाते. या सांध्याला चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा इतिहास आहे आणि तो वाचण्यासारखा आहे.

घोरणे हा आपल्याकडे पूर्वापार विनोदाचा विषय. लग्नघरात ओळीने गाद्या घातल्या की कोणत्या काकांपासून लांब झोपायचे हे सर्वांना ठाऊक असते. कुंभकर्णाला उठवायला गेलेले राक्षस त्याच्या श्वासाच्या वाऱ्यानेच मागे फेकले जात होते, असे रामायणात वर्णन आहे. घोरण्यात काळजी करावी ती मात्र मधल्या शांततेची. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत श्वासाची वाट तिथे पूर्ण मिटते. छाती-पोट हलत राहते, हवा मात्र आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही जास्त. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, माणूस अर्धवट जागा होऊन जोराने श्वास ओढतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. तासाला असे पाचपेक्षा जास्त प्रसंग आले की डॉक्टर विकार धरतात, तीसच्या पुढे गेले की गंभीर म्हणतात. रक्तदाब, हृदय आणि दिवसा गाडी चालवताना लागणारी डुलकी, या तिन्हींशी त्याचा संबंध आहे.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये शहरी मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात झोपेतील श्वासाचा बिघाड १९.५ टक्के पुरुषांत आढळला, आणि दिवसाच्या झोपाळूपणासह पूर्ण विकार ७.५ टक्क्यांत. म्हणजे मंडळाच्या कार्यकारिणीच्या बैठकीला पंधरा-वीस मध्यमवयीन पुरुष बसले असतील तर त्यांतल्या एखाद्या-दुसऱ्याला हा त्रास असायला हरकत नाही. बैठकीत डुलक्या घेणारे त्याहून जास्त असतात, पण त्याची कारणे वेगळी.

विकार जुना, ओळख मात्र अलीकडची. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याने १८३६-३७ मध्ये लिहिलेल्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये जो नावाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे, तो उभ्या उभ्या झोपतो आणि घोरतो. त्याच्यावरून १९५६ मध्ये बोस्टनच्या बरवेल या डॉक्टरांनी आपल्या एका रुग्णाच्या आजाराला ‘पिकविकियन सिंड्रोम’ म्हटले. हा रुग्ण एक व्यावसायिक. पत्त्यांच्या डावात त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे आले होते आणि नेमक्या त्याच वेळी त्याला झोप लागली. डाव हातचा गेला, म्हणून तो दवाखान्यात आला. तीनपत्ती खेळणाऱ्यांना त्याचे दुःख समजेल. त्या काळी बहुतेक दोष वजनाच्या माथी मारला जाई. १९६५ मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथे गास्तो आणि जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे युंग व कूलो, यांनी स्वतंत्रपणे रात्रभर रुग्णांच्या श्वासाची नोंद घेतली तेव्हा श्वास पुन्हा पुन्हा अडतो हे कागदावर उमटले. ‘स्लीप ॲप्निया सिंड्रोम’ हे नाव रुळवले ते अमेरिकेत स्टॅनफर्डला काम करणाऱ्या गिलमिनो यांनी, १९७६ मध्ये.

नाव मिळाले, उपाय मात्र भयंकर होता. घशात वाट मिटते ना, मग घशाच्या खालीच मानेला भोक पाडायचे आणि त्यात नळी बसवायची. दिवसा त्या भोकाला बूच लावून बोलायचे, रात्री बूच काढून झोपायचे. गुण येई, आणि तोही लगेच. पण आंघोळ करताना पाणी जाऊ नये म्हणून जपायचे, जखम रोज स्वच्छ करायची, चारचौघांत गळ्याला रुमाल बांधून वावरायचे. पुष्कळ रुग्ण घोरत मरणे पत्करत. पट्ट्याची गोष्ट सांगताना हे भोक विसरून चालत नाही, कारण पट्टा आला तो त्या भोकाच्या जागी.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात कॉलिन सुलिव्हन नावाचे डॉक्टर होते. ते आधी कॅनडात टोरांटोला एलियट फिलिपसन यांच्याकडे कुत्र्यांच्या झोपेतील श्वासावर प्रयोग करून आले होते. १९८० च्या जून महिन्यात त्यांच्याकडे एक बांधकाम कामगार आला. विकार गंभीर होता, आणि मानेला भोक पाडून घ्यायला तो तयार नव्हता. त्याच्या नाकातून थोड्या दाबाची हवा सतत आत सोडली तर मिटणारी वाट आतून फुगून उघडी राहील, अशी सुलिव्हन यांची कल्पना. सायकलच्या सपाट ट्यूबमध्ये थोडी हवा भरली की ती जशी गोल होते, तसे. त्या रात्री तो माणूस कित्येक तास गाढ झोपला. पाच रुग्णांवरील या प्रयोगाचा लेख एप्रिल १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. वापरलेला दाब साडेचार ते दहा सेंटिमीटर पाण्याइतका होता. फुग्यात फुंकर मारतो त्याहून पुष्कळ कमी.

हवेचा दाब देण्याची कल्पना अगदी नवी होती असे नाही. लंडनच्या पोल्टन यांनी १९३६ मध्येच हृदयविकाराने फुप्फुसांत पाणी झालेल्यांना घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या पंख्याने मास्कमधून दाबाची हवा दिली होती. सॅन फ्रान्सिस्कोत ग्रेगरी यांनी १९७१ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तीच युक्ती वापरली. पण ते रुग्ण दवाखान्यात, परिचारिकेच्या नजरेखाली होते. सुलिव्हन यांच्या रुग्णाला घरी जाऊन, अंधारात, एकट्याने, रोज आणि आयुष्यभर हे करायचे होते. खरी अडचण इथून सुरू झाली.

पहिल्या प्रयोगात नाकपुड्यांत नळ्या घालून भोवती लवकर आळणारे सिलिकॉन रबर भरले होते. घरी न्यायच्या वेळी प्रत्येक रुग्णाच्या नाकाचा प्लास्टरमध्ये साचा घेऊन त्यावर त्याच्याच मापाचा मास्क बनवायला सुरुवात झाली. हवेसाठी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर. आणि मास्क चेहऱ्यावर टिकावा म्हणून? चिकटवायचा. रोज रात्री कडेला सिलिकॉनचा गोंद लावून मास्क नाकावर डकवायचा आणि रोज सकाळी ओढून काढायचा. आपल्याकडे नाटकात दाढी-मिशा स्पिरिट गमने लावतात. ज्यांनी गणेशोत्सवात एकदा तरी तोंडाला रंग लावला असेल त्यांना ती काढताना काय होते ते माहीत आहे. ते रोज, आणि त्याच जागी. तरीही लोकांनी हे केले, शंभरावर रुग्ण काही वर्षे याच पद्धतीने झोपले. आधीच्या रात्री किती वाईट गेल्या असतील याचा अंदाज त्यावरून यावा.

इथे आम्हाला आपल्या पगडीची आठवण होते. पगडीही एकेका डोक्याच्या मापाने बांधली जाई आणि ते कसब जाणणारा माणूस गावात असावा लागे. सुलिव्हन यांचा मास्क त्या जातीचा; नाकागणिक नवा साचा. दहा रुग्णांना ठीक, दहा लाखांना कसे पुरणार? तयार मापाचा मास्क हवा, आणि तो गोंदाशिवाय राहायला हवा. म्हणजे पट्टा आला.

मास्कला पट्टा बांधायचा अनुभव जगाला नव्हता असे कोण म्हणेल! पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचावाचे मास्क सैनिकांच्या डोक्याला लवचीक पट्ट्यांनीच बांधलेले असत. १९३८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या बूथबी, लव्हलेस आणि बुलबुलियन या तिघांनी उंचावर उडणाऱ्या वैमानिकांसाठी प्राणवायूचा मास्क बनवला. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल देताना मास्क धरून ठेवण्यासाठी काळ्या रबराच्या, भोके पाडलेल्या पट्ट्यांचा ‘क्लॉसेन हार्नेस’ असे; आपल्याकडच्या जुन्या भूलतज्ज्ञांनी तो नक्की वापरलेला आहे. पण सैनिक आणि वैमानिक जागे असत, आणि भूल दिलेला माणूस हलत नसे. झोपलेला माणूस रात्रीत अनेकदा कूस बदलतो, उशीत तोंड खुपसतो, खाज आली की झोपेतच खाजवतो. शिवाय मास्क पुरता आवळून बांधायचाही नाही. जुना कोणताच पट्टा या कामाचा नव्हता.

थोडा हिशेब करू. आम्हाला तो कागदावर मांडल्याशिवाय चैन पडत नाही. दहा सेंटिमीटर पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दहा ग्रॅम वजनाइतका जोर. नाकावरच्या मास्कच्या आतले क्षेत्रफळ तीस चौरस सेंटिमीटर धरले तर मास्कला चेहऱ्यापासून दूर लोटणारा जोर तीनशे ग्रॅम होतो. नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मोठ्या मास्कचे क्षेत्रफळ पंचाहत्तर धरले तर पाऊण किलो. यंत्र वीस सेंटिमीटरपर्यंत दाब देऊ शकते. तिथे तो दीड किलो. म्हणजे रात्रभर कोणीतरी दीड किलो जोराने मास्क ओढतो आहे आणि पट्ट्यांनी तेवढ्याच जोराने तो मागे धरायचा आहे. त्यावर कडेने हवा गळू नये म्हणून थोडा जास्त. आणि त्यात सहा फुटी नळीचा हिसका. माणूस वळला की नळी उशीखाली अडकते आणि मास्कला बाजूला खेचते. हा हिसका पट्ट्यापर्यंत पोचू नये म्हणून पुढे मास्कच्या तोंडाशी गरागरा फिरणारा कोपर बसवावा लागला.

आता हा जोर डोक्यावर टेकवायचा कुठे? पगडी वरून बसते, तिचे वजन खाली असते, ती डोक्याच्या घेराला धरून राहते. मास्कचा पट्टा पुढे ओढला जातो. डोके मागून गोल आहे. पट्टा गोलाईच्या मध्यावर बांधला तर तो वर सरकतो आणि टोपीसारखा निघून येतो. विहिरीवर घागर सोडताना दोरी घागरीच्या गळ्याला बांधतात, पोटाला कोणी बांधत नाही. कवटीच्या मागे, मानेच्या जरा वर, बोटांना एक उंचवटा लागतो. त्याच्या खालची खोलगट जागा म्हणजे घागरीचा गळा. खालचा पट्टा तिथे अडकला पाहिजे. वरचा पट्टा कपाळाच्या रेषेत कानांवरून मागे जातो. दोन्ही मागे एकत्र आणणारा एक तुकडा, आणि काहींत डोक्यावरून जाणारा आणखी एक, जो सगळी रचना खाली मानेवर घसरू देत नाही. कानाला कुठेही घासायचे नाही, कारण कुशीवर झोपल्यावर कान उशी आणि पट्टा यांच्यात सापडतो. सांगायला सोपे आहे. करायला दोन पिढ्या गेल्या.

अमेरिकेत पिट्सबर्गचे डॉ. सँडर्स यांनी १९८३ मध्ये नाकाच्या मास्कने उपचार केल्याचे प्रसिद्ध केले, आणि तिथल्याच रेस्पिरॉनिक्स या कंपनीने १९८५ मध्ये बाजारात विकत मिळणारे यंत्र आणले. ऑस्ट्रेलियात पीटर फॅरेल या रसायन-अभियंत्याने १९८९ मध्ये सुलिव्हन यांच्या शोधावर स्वतंत्र कंपनी उभी केली. तीच पुढे १९९५ पासून रेसमेड या नावाने ओळखली जाते. न्यूझीलंडची फिशर अँड पायकेलही या धंद्यात उतरली. आज आपल्या घरांतले बहुतेक मास्क या तिघांपैकी कोणाचे तरी किंवा त्यांच्या नकलेचे असतात.

सुरुवातीच्या मास्कची कड जाड होती. गळती थांबवायची तर पट्टा ओढा, आणखी ओढा. ओढला की नाकाच्या दांडीवर वळ. तिथे कातडी पातळ आणि खाली लगेच हाड, त्यामुळे वळाची जखम व्हायला वेळ लागत नाही. यातून बाहेर काढले ते एका साध्या कल्पनेने. मास्कची कड पातळ करून आतल्या बाजूला दुमडायची. मग आतली हवाच त्या पातळ पाळीला चेहऱ्यावर दाबून धरते. दाब वाढला तर पाळी जास्त घट्ट चिकटते. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर ज्यांच्या स्वयंपाकघरात आहे त्यांनी हे रोज पाहिले आहे: वाफ वाढते तसे झाकण अधिक घट्ट बसते. ही फुगणारी कड नव्वदच्या दशकात आली आणि पट्ट्याचे ओझे उतरले. पट्ट्याने आता गळती बुजवायची नव्हती, फक्त मास्क जागेवर धरायचा होता. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा टप्पा आहे, पेटीत नंतर आलेल्या संगणकी करामतींपेक्षाही.

मात्र जुनी सवय सुटत नाही. हवा गळते असे वाटले की हात पट्ट्याकडे जातो आणि पट्टा आवळला जातो. पातळ पाळी त्याने चुरगळते, तिला चुण्या पडतात, आणि त्या चुण्यांतून हवा आणखी गळते. मग आणखी आवळायचे. नळाचा वॉशर चेपला गेला असताना जोर लावून तोटी पिळणारी मंडळी आम्ही नोकरीत रोज पाहतो.

पट्ट्याच्या कापडाचीही गोष्ट आहे. ड्यूपाँट कंपनीत १९३० च्या सुमारास निओप्रीन हे कृत्रिम रबर तयार झाले. पाणबुड्यांचे पोशाख त्याच्याच फेसाळ जातीचे असतात. पहिल्या पिढीच्या पट्ट्यांसाठी ते सोयीचे वाटले, कारण ते ताणते आणि मऊ असते. पण आत घाम मुरतो आणि उन्हाळ्यात डोके शिजते. म्हणून पुढे पातळ स्पंजाच्या दोन्ही बाजूंना नायलॉनचे विणलेले कापड चिकटवून हवा खेळेल असे पट्टे आले. किती ताणणारे असावेत, यावर मात्र अजून एकमत नाही. फार ताणणारा पट्टा वळताना सांभाळून घेतो, पण दाब वाढला की मास्कला पुढे जाऊ देतो. न ताणणारा मास्क पक्का धरतो, पण कूस बदलली की टोचतो. आता चांगल्या पट्ट्यात दोन्ही जोडलेले असतात: मागे ताणणारा भाग, बाजूला न ताणणारा.

पट्टा जिथे दुमडून चिकटवतात ती चर्रकन सुटणारी पट्टी म्हणजे वेल्क्रो. स्वित्झर्लंडचे अभियंते जॉर्ज द मेस्त्राल शिकारीहून परतले तेव्हा त्यांच्या कपड्यांना आणि कुत्र्याला रानातली काटेरी फळे चिकटली होती. ती त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि आकड्यांची कल्पना सुचली. १९५५ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. झाड वेगळे, पण तसेच चिकटणारे आपल्या ओळखीचे झाड म्हणजे आघाडा. गणपतीच्या पत्रीत आघाडा असतोच, आणि पत्री गोळा करून आल्यावर धोतराला-साडीला चिकटलेली त्याची बोंडे काढत बसावे लागते ते वेगळे.

हे सगळे चेहरे आणि डोकी गृहीत धरून आखले जाते, आणि आपली डोकी त्यात बसतातच असे नाही. भरघोस मिशी असेल तर कड नीट टेकत नाही. केसांना खोबरेल तेल चोपडून झोपायची सवय असेल तर पट्टा घसरतो. आंबाडा किंवा लांब वेणी असलेल्या बायकांना मागचा पट्टा कुठे बसवावा हे दुकानदार सांगत नाही. आंबाडा झोपताना सोडून वेणी पट्ट्याच्या खालून काढली तर जमते, हे आमच्याच घरातल्या मावशींनी स्वतः शोधले. विकार फक्त पुरुषांना होतो ही समजूतही चुकीची आहे; पाळी गेल्यानंतर बायकांत तो पुष्कळ वाढतो, आणि ‘बायका काही घोरत नाहीत’ या शिष्टाचारापायी तपासणी लांबते.

लहान मुलांच्या बाबतीत तर पट्ट्याचा प्रश्न अधिक गंभीर. मुलाच्या चेहऱ्याची हाडे वाढत असतात. वर्षानुवर्षे रोज रात्री मास्क मागे ओढला गेला तर गालांचा आणि वरच्या जबड्याचा भाग मागे राहू शकतो, हे डॉक्टरांनी नोंदवले आहे. मोठ्यांतही परिणाम अगदीच नाही असे नाही. २०१० मध्ये ‘चेस्ट’ या नियतकालिकात ४६ जपानी रुग्णांचा अभ्यास आला. दोन वर्षांच्या वापरानंतर त्यांचे वरचे पुढचे दात किंचित आत झुकले होते. त्रास कोणाला जाणवला नव्हता, मोजमापात दिसला. दीड किलो जोराचा हिशेब वर केला तो उगीच नव्हता.

आणि जो पट्टा सोसत नाही तो माणूस काढून ठेवतो. १९९३ मध्ये अमेरिकेत क्रिब्ज आणि सहकाऱ्यांनी ३५ रुग्णांच्या यंत्रांत त्यांना न सांगता वापर मोजणारे साधन बसवले. रात्री किमान चार तास, आणि निदान सत्तर टक्के रात्री, एवढा वापर करणारे ४६ टक्केच निघाले. बाकीच्यांचे यंत्र होते, पैसे भरून झाले होते, डॉक्टरांना ‘वापरतो’ म्हणून सांगितलेही जात होते. याची कारणे अनेक असतील. कोरडे नाक, आवाज, मनाची भीती, लाज. पण मध्यरात्री मास्क ओढून फेकणाऱ्याचा हात आधी पट्ट्यालाच लागतो.

म्हणूनच पट्टा कमी करण्याकडे ओढा आहे. नाकपुड्यांच्या तोंडाशी नुसती दोन मऊ गोंडे बसवायचे; क्षेत्रफळ पाच चौरस सेंटिमीटरवर येते, आणि आमच्या हिशेबाने जोर तीनशे ग्रॅमवरून पन्नासवर. तेवढ्याला डोक्यामागे दोन बारीक फिती पुरतात. २०१५ च्या सुमारास आणखी एक युक्ती आली: हवेची नळी समोरून न आणता डोक्याच्या माथ्यावर जोडायची आणि गालांवरून येणाऱ्या पोकळ पट्ट्यांतूनच हवा नाकाशी न्यायची. पट्टा हाच पाइप. सोंड गेली, आणि कुशीवर झोपणाऱ्यांची मोठी सोय झाली. तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्यांना किंवा जास्त दाब लागणाऱ्यांना मात्र हे नेहमी जमत नाही, त्यांना मोठा मास्क आणि चार पट्टेच लागतात.

कोविडच्या दोन लाटांत आपल्यापैकी कित्येकांनी हाच मास्क वेगळ्या रूपात पाहिला. दवाखान्यात चोवीस तास घट्ट बांधलेला, नाकावर काळे डाग पाडणारा. इटलीत त्याऐवजी पारदर्शक हेल्मेट पुष्कळ वापरले गेले. डोक्यावर फुगलेला पिशवीसारखा गोल, गळ्याशी मऊ पडदा, आणि ते वर उडू नये म्हणून पट्टे दोन्ही काखांतून. नाकावर काहीच नाही. जोर टाळता येत नाही, फक्त तो शरीराच्या कुठल्या भागाने सोसायचा एवढे निवडता येते.

आता आपल्या घरातले थोडे. पट्टा कायमचा नाही; रोज ताणून तो सहा महिने-वर्षात सैल होतो. आम्ही सरकारी नोकर, वैद्यकीय देयकांच्या फायली आम्हाला परक्या नाहीत. यंत्राची रक्कम ‘उपकरण’ म्हणून मंजूर होते आणि पट्ट्याच्या ओळीवर ‘उपभोग्य वस्तू’ असा शेरा पडून ती कापली जाते, असे आम्ही पाहिले आहे. म्हणजे पंप मंजूर, वॉशर नामंजूर. मग लोक सैल पट्ट्याला गाठ मारतात, सेफ्टी पिन लावतात, आणि गाठ रात्रभर टोचते म्हणून मास्कच बाजूला ठेवतात. नवा पट्टा एकटा विकत मिळतो, सगळा मास्क घ्यावा लागत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. दुकानदारही सहसा आपणहून सांगत नाही.

मास्क लावायचा तो आरशासमोर उभे राहून लावू नये. पडल्यावर गाल आणि हनुवटीची मांसल जागा सरकते, म्हणून गादीवर आडवे होऊन, यंत्र सुरू करून, नेहमीच्या दाबावर पट्टे जुळवावेत. आधी खालचे, मग वरचे, दोन्ही बाजूंना सारखे. पट्ट्याखाली बोट सहज जाईल इतपत. धुताना वेल्क्रो मिटवून ठेवावा, नाहीतर तो कापडाचाच धागा ओढतो. कोमट पाणी, साधा साबण, सावलीत वाळवणे, इस्त्री नाही.

आणि एक गोष्ट नव्या मास्कबद्दल. अलीकडच्या पुष्कळ मास्कना पट्टा जोडायला लोहचुंबकाच्या क्लिपा असतात. सांधेदुखीने बोटे वाकलेल्यांना त्या फार सोयीच्या. अंधारातही टक् करून बसतात. पण सप्टेंबर २०२२ मध्ये फिलिप्सने (रेस्पिरॉनिक्स आता त्यांच्याकडे आहे) आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये रेसमेडने आपल्या अशा मास्कबद्दल इशारा दिला: शरीरात पेसमेकर, मेंदूतली क्लिप किंवा चुंबकाने बिघडू शकणारे दुसरे काही बसवलेले असेल तर हे मास्क वापरू नयेत. ज्याने मास्क लावला आहे त्याच्यापुरतेच हे नाही. शेजारी झोपणाऱ्यालाही लागू. आपल्या घरांत मास्क आजोबांचा असतो आणि पेसमेकर आजींचा. तेव्हा या गणपतीत सगळे जमलेच आहेत, तर घरातल्या मास्कची क्लिप एकदा लोखंडी टाचणीला लावून पाहावी. चिकटली, तर डॉक्टरांना विचारावे. साध्या आकड्याची, बिनचुंबकाची क्लिप पुष्कळ मास्कना मिळते.